जित्याचे तळे आणि दोन चमचे औषध

दिव्याहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने पनवेल सोडले की खिडकीबाहेरचे चित्र बदलते. इमारती मागे पडतात आणि सोमाटणे, रसायनी, आपटा अशी छोटी स्टेशने येऊ लागतात. उजवीकडे कर्नाळ्याचा सुळका बराच वेळ सोबत करतो. आपट्याचे स्टेशन हिंदी चित्रपटांमुळे सगळ्यांना पडद्यावर पाहून माहीत आहे. त्यापुढे पाताळगंगेचा पूल लागतो आणि मग येते जिते. तिथून पुढे हमरापूर आणि पेण. १९८६ मध्ये आपट्यापासून रोह्यापर्यंत रूळ पोहोचले, तेव्हापासून या गावांना गाडी मिळाली.

मी मूळची पेणची. माझे अब्बा पेणमध्ये सायकल दुरुस्तीचे दुकान चालवत. त्यांचे एक दोस्त जित्याचे, आगरी शेतकरी. आम्ही भावंडे त्यांना काकाच म्हणतो. अब्बा गेले, दुकान बंद झाले, मी शिक्षिका होऊन पनवेलकडे राहायला गेले, पण जित्याचे येणे-जाणे सुटले नाही. ईदला काका शिरखुर्मा खायला येतात आणि भात झोडून झाला की आमच्या घरी नव्या तांदळाची पिशवी येते.

दोन वर्षांपूर्वी भात पोटरीवर आले होते, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या भाचीचा निकाह ठरला होता. काकांनी आपणहून सांगितले होते, "दावतीला दोन जिताडे माझ्या तळ्यातले." रायगडच्या वाचकांना जिताडा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. हा खाडीचा मासा, पण गोड्या पाण्यातही वाढतो. पेण आणि अलिबागकडचे शेतकरी खाडीतून त्याची बोटभर पिल्ले आणून शेतातल्या तळ्यात सोडतात आणि दोन-तीन वर्षे सांभाळतात. सरकारी कचेरीतले अडलेले काम जिताडा पाठवला की सुटते, अशी आमच्याकडे गमतीने म्हणायची पद्धत आहे. एवढा त्याचा मान!

रविवारी सकाळी धाकट्या मुलीला घेऊन मी जित्याला उतरले. गावाच्या पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला खाडीकडे उतरत जाणारी जमीन. दोन्ही बाजूंना भाताचा हिरवा रंग इतका दाट की बांधसुद्धा दिसत नव्हते. नेहमी काका स्टेशनवर येतात. त्या दिवशी आले नाहीत. आम्ही चालतच त्यांच्या तळ्यावर गेलो.

काका तळ्याच्या काठावर उकिडवे बसले होते. पाण्यावर मासे उलटे तरंगत होते. रोहू, शिंगट्या, एक हातभर मरळ आणि कडेला अडकलेले दोन जिताडे. एकदोन रोहू अजून जिवंत होते, पण ते सरळ पोहत नव्हते. गरगर फिरत, मध्येच उसळी मारत आणि पुन्हा तोंड वर करून हवा घेत. मुलगी माझा हात घट्ट धरून उभी राहिली.

काकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाय, तुमच्यात मेलेला मासा चालतो ना? लोक बोलतान. मंग ने दोन्ही जिताडे. फुकट जान्यापरीस तुझ्या कामी तरी येतील."

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. दिलेला शब्द पाळायची त्यांची धडपड होती. पण त्या प्रश्नाने मला तिथेच थांबवले, कारण तो प्रश्न आमच्या घरात पूर्वी एकदा येऊन गेला होता.

मी सात-आठ वर्षांची असेन. भोगावती नदीच्या एका डोहात कोणीतरी थिमेट टाकले होते. थिमेट म्हणजे फोरेट, भाताच्या खोडकिड्यासाठी वापरायचे दाणेदार कीटकनाशक. मासे पकडायला कष्ट नकोत म्हणून ते पाण्यात टाकायचे आणि वर आलेले मासे गोळा करायचे, असा प्रकार तेव्हा सर्रास चाले. अब्बांना कोणीतरी पिशवीभर मासे दिले. ते खुशीत घरी आले. अम्मीने पिशवी उघडली आणि एकच विचारले, "हे मेले कशाने?" अब्बा म्हणाले, "मासा आहे, त्याला जबह लागत नाही, हलाल आहे." अम्मी म्हणाली, "हलाल आहे, पण तय्यब आहे का?" आणि तिने परसात खड्डा खणून सगळे मासे पुरले. आम्ही त्या दिवशी डाळभात खाल्ला.

माशाला जबह लागत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आपोआप मरून वर तरंगलेल्या माशाबद्दल शाफई आणि हनफी मसलकांत फरक आहे. कोकणात शाफई मानणारे जास्त, त्यामुळे "चालतो" हे उत्तर आपल्या तोंडात तयार असते. पण माणसाला अपाय करणारी वस्तू खाऊ नये, यावर कुठल्याच मसलकात वाद नाही. मासा कोणता हा पहिला प्रश्न असेल, पण तो मेला कशाने हा दुसरा प्रश्नही तितकाच आपला आहे.

मी काकांना म्हणाले, "काका, हे मासे कोणीच खायचे नाहीत. आम्हीही नाही आणि तुम्हीही नाही."

तोवर शेजारपाजारची माणसे जमली होती. मासे का मेले याच्यावर बोलणे सुरू झाले. एकजण म्हणाला, "हे वरच्या कारखान्यांचं पाणी." हे ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात नवल नाही. जित्याच्या आधी दोनच स्टेशनांवर रसायनी आहे, तिच्या नावातच रसायन आहे. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना तिथे होता. हिवताप हटवण्यासाठी देशभर फवारलेल्या डीडीटीपैकी काही तिथे तयार झाले आणि मॅलॅथिऑनही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आपली पाताळगंगा आहे आणि रोह्याची कुंडलिकाही आहे. नद्यांची ही दुखणी खरी आहेत आणि त्यांच्याबद्दल बोललेच पाहिजे.

पण त्या तळ्याचा आणि नदीचा संबंध नव्हता. पाताळगंगा गावाच्या उत्तरेला, सखल भागातून वाहते. काकांचे तळे भरते ते पूर्वेच्या डोंगरावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्याने. नदीचे पाणी चढ चढून तिथे येणार कसे? मी तळ्याभोवती एक चक्कर मारली. पाण्यावर पळणारे किडे दिसेनात. कडेच्या गवतात बारीक कोळंबी मरून पांढरी पडली होती. पायरीजवळच्या कोपऱ्यात सर्वांत जास्त मासे होते आणि त्याच पायरीवर निळा फवारणी पंप उपडा ठेवलेला होता. त्याच्या बाजूला एक रिकामी बाटली.

काकांचा मुलगा माझ्या मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, काल संध्याकाळी वरच्या खाचरात तुडतुड्यांवर औषध मारलं. मग पंप इथंच धुतला. दरवेळी इथंच धुतो." दरवेळी काही होत नव्हते, कारण दरवेळी तळे पावसाने तुडुंब असे. त्या वर्षी पाऊस लवकर ओसरला होता आणि तळे अर्ध्यावर आले होते. शिवाय या वेळी त्याने बाटलीही त्यातच विसळली होती.

कोणी काही बोलले नाही. काका उठून घरात गेले आणि कुदळ घेऊन आले. तळ्यापासून आणि विहिरीपासून दूर, उंचावर आम्ही खोल खड्डा केला आणि सगळे मासे पुरले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून मासे उचलले. गुरे आणि बदके काही दिवस तळ्यावर सोडायची नाहीत असे ठरले.

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे या घटनेनंतर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी बरेच प्रश्न विचारले आणि वाचनही केले. जे समजले ते माझ्यासारख्याच घरांसाठी सोप्या भाषेत लिहिते.

काकांच्या मुलाने वापरलेले औषध सायपरमेथ्रीन होते. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटक मारणारे द्रव्य असते. त्याची नक्कल करून प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधांचा हा गट. ते नसांमधली दारे उघडी ठेवते. मेंदूचा निरोप एकदा जाऊन थांबायला हवा, तो थांबतच नाही. म्हणून मासा गरगर फिरतो, उसळ्या मारतो आणि दमून मरतो. माणसाचे शरीर हे द्रव्य बऱ्यापैकी लवकर मोडून बाहेर टाकते. माशाला ते जमत नाही. शिवाय मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, म्हणजे त्याचे रक्त आणि पाणी यांच्यात एक अगदी पातळ पडदाच असतो. पाण्यात जे असेल ते थेट रक्तात जाते. कोळंबी आणि किडे तर माशाच्याही आधी जातात.

क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, मॅलॅथिऑन हा दुसरा गट. नसेतला निरोप पोहोचल्यावर बटण बंद करणारे एक द्रव्य शरीरात असते. हा गट त्या द्रव्यालाच निकामी करतो. डीडीटी आणि एंडोसल्फान तिसऱ्या गटातले. त्यातले डीडीटी वर्षानुवर्षे गाळात टिकते आणि चरबीत साठते. बारीक माशातून मोठ्या माशात, माशातून पक्ष्यात आणि माणसात त्याचे प्रमाण वाढत जाते. भारतात १९८९ मध्ये डीडीटीचा शेतीतला वापर बंद झाला. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. फोरेट, म्हणजे आमच्या लहानपणीचे थिमेट, २०२० च्या अखेरीस बंद झाले.

आता हिशेब पाहू. काकांचे तळे साधारण २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि त्या दिवसांत सरासरी १ मीटर खोल. म्हणजे २०० घनमीटर, २ लाख लिटर पाणी. १० टक्के तीव्रतेच्या सायपरमेथ्रीनच्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे चहाच्या दोन चमच्यांत, सुमारे १ ग्रॅम विष असते. १ ग्रॅम २ लाख लिटरमध्ये गेले तर प्रत्येक लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम येते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्या पाण्याला रंग नाही, वासही नाही. पण प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत अनेक जातींचे मासे लिटरमागे इतक्याच, काही मायक्रोग्रॅमने ९६ तासांत निम्मे मरतात. थोडे विष गाळ शोषून घेतो हे खरे, पण ज्या कोपऱ्यात पंप धुतला तिथे ते आधी जास्तच असते. दोन चमचे! बाटलीच्या तळाशी, टोपणात आणि पंपाच्या नळीत मिळून तेवढे सहज उरते.

मासा मेला की आपल्याला दिसते. न मरता आजारी पडला तर दिसत नाही. थोड्या प्रमाणात विष वारंवार गेले तर माशाच्या कल्ल्यांची कातडी सुजते, यकृत बिघडते, रक्त कमी होते, वाढ खुंटते आणि अंडी कमी होतात. वास घेण्याची शक्तीही मंदावते आणि मासा अन्न, शत्रू व जोडीदार वासानेच ओळखतो. आमच्या लहानपणी पहिल्या पावसात वलगण लागली की अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यातून उलटे चढत खाचरापर्यंत येत. कंदील घेऊन गाव बाहेर पडे. ज्या खाचरात ते अंडी घालायला येतात तिथेच आपण फवारतो, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही.

कधी मासा विषाने मरत नाही, उपाशी मरतो. जपानमधल्या शिंजी सरोवराचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भोवतालच्या भातशेतीत १९९३ च्या सुमारास नव्या गटातली कीटकनाशके आली. ती माशांना फारशी मारत नाहीत, पण पाण्यातले बारीक जीव मारतात. ते जीव घटले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वाकासागी नावाच्या माशाचे वर्षाचे उत्पन्न २४० टनांवरून २२ टनांवर आले. भात तोच, सरोवर तेच. ताटातला घास तेवढा नाहीसा झाला.

मग फवारायचेच नाही का? शेतकऱ्याला असे सांगणे सोपे आहे, त्याचे पीक आपण राखत नाही. पण इंडोनेशियाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातले होते. जितके जास्त फवारले तितके तुडतुडे वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी फवाऱ्याने आधी मेले. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने ५७ कीटकनाशके भातासाठी बंद केली आणि पुढे शेतकऱ्यांच्या बांधावरच शाळा भरवल्या. आधी पिकात किती कीड आहे ते मोजा, मग ठरवा, हे त्यांनी शिकवले. त्या देशात भाताच्या खाचरातच मासे वाढवायची जुनी पद्धत आहे, तिलाही त्याने श्वास मिळाला.

आपल्याकडेही हे होऊ शकते. खोडकिडा रोपांच्या शेंड्यावर अंडी घालतो. लावणीआधी शेंडे खुडले तर ती अंडी शेतात जातच नाहीत. कामगंध सापळे, पक्ष्यांना बसायला काठ्या, चूड हलवून तुडतुडे मोजणे या गोष्टी कृषी खात्याचे लोक सांगतात. आपल्या जिल्ह्यात कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे आणि पनवेलला खारभूमीचे. तिथे जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि फवारावेच लागले, तर एवढे तरी पाळावे. पंप आणि बाटली तळ्यावर, ओढ्यावर किंवा विहिरीवर धुऊ नये. बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि त्याच शेतात फवारून टाकावे. पाऊस येण्याची चिन्हे असताना फवारू नये. फवारणीनंतर काही दिवस खाचराचे पाणी बांधाबाहेर सोडू नये. रिकाम्या बाटलीला भोके पाडावीत, तिच्यात तेल किंवा पाणी कधीच भरू नये. मासे पकडायला पाण्यात विष टाकणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, हे मुलांनाही सांगावे.

शहरातल्या भगिनींसाठीही दोन गोष्टी. घरात काचेच्या टाकीत मासे असतील तर डासांचा फवारा मारताना टाकी झाका आणि हवेचा पंप बंद करा. सरकारकडून मिळणारी औषध लावलेली मच्छरदाणी नदीवर किंवा तळ्यावर धुऊ नका. त्यातले औषध याच शेवंतीच्या गटातले आहे.

बाटलीवरच्या त्रिकोणाबद्दलही सांगायला हवे. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे हे रंग विषाची तीव्रता दाखवतात. पण ती माणसाच्या आणि जनावरांच्या हिशेबाने, माशांच्या नाही. मॅलॅथिऑनच्या डब्यावर निळा त्रिकोण असतो, म्हणून ते माशांना सौम्य असते असे नाही. काकांचा मुलगा मला हेच म्हणाला होता, "लाल नव्हतं ना ताई, म्हणून वाटलं चालेल."

भाषेची शिक्षिका म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकली. आपण मराठीत म्हणतो "औषध मारले", उर्दूत म्हणतो "दवा छिडकली". ज्या वस्तूच्या बाटलीवर विष असे छापलेले असते, तिला दोन्ही भाषांनी दवा केले आहे. दवा म्हटले की हात सैल पडतो. दवेचा पेला आपण मोरीतच धुतो ना?

निकाहाच्या दावतीत जिताडा नव्हता. काका आले, पण पाहुण्यांत मिसळले नाहीत. जाताना भाचीच्या हातात पाकीट ठेवून म्हणाले, "जिताडा उधार राहिला, पोरी." तिने त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा आत नेले आणि जेवू घातले.

यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा जित्याला गेलो. तळ्यात रोहूची बोटुकली सोडली आहेत. खाडीतून जिताड्याची पिल्लेही आणली आहेत, पण ती मोठी व्हायला दोन-तीन वर्षे जातील. पाण्यावर पळणारे किडे परत आले आहेत, हे माझ्या मुलीने सर्वांत आधी पाहिले. पंप आता वरच्या खाचराच्या बांधावरच धुतला जातो. पडवीतल्या उंच फळीवर काकांनी एक लाकडी पेटी ठोकली आहे, बाटल्या तिच्यात कुलपात असतात. पेटीवर काय लिहायचे असे त्यांनी मुलीला विचारले. तिने रंगाने मोठ्या अक्षरांत "विष" लिहिले आणि खाली उर्दूत "जहर". काकांना उर्दू वाचता येत नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "दोन्ही राहू दे."